सांध्यातलं कुंकू

सिनेमातल्या मोटारीत बंदूक लपवायला फारशी अक्कल लागत नाही. सारंगखेड्याच्या जत्रेत, तंबूतल्या पडद्यावर मी ते पाहिलं होतं. नायक मोटारीच्या सुकाणूच्या चक्राजवळची एक खुंटी दाबतो, खटकन एक कप्पा पुढे येतो आणि आत मखमलीवर पिस्तूल निजवलेलं असतं. माझ्या शेजारी माझे दाजी बसले होते, थोरल्या बहिणीचे यजमान. ते स्वतः मोटार चालवायचे. ते इतके मोठ्याने हसले की पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. "आपला रस्तावर चालाडी दखाडा म्हना," ते म्हणाले, "पहिलाच खड्डामां कप्पा उघडी जाई."

मीही हसलो. त्यानंतरच्या पावसाळ्यात तसाच कप्पा मी माझ्या हाताने केला. त्याला खुंटी नव्हती, मखमल नव्हती, आणि तो उघडायला आधी अख्खी बैठक काढावी लागायची. सुतारकामात माझं सगळं आयुष्य गेलं, पण इतकं नेटकं काम मी पुन्हा केलं नाही. त्या कामापायी दाजींनी दोन वर्षं तुरुंगात काढली.

आता लोक ही गोष्ट वेगळीच सांगतात. स्वराज्य आल्यावर कुणीतरी उठवलं की दाजी चळवळीसाठी हत्यारं पोचवत होते. एकदा झेंड्याच्या दिवशी शाळेचे मास्तर त्यांना बोलवायला आले, हार घालायचा म्हणून. दाजींनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. मीही इथे खरंच सांगतो. ती बंदूक उसात शिरणाऱ्या डुकरांसाठी होती आणि थोडी मालकाच्या मिशीसाठी. देशाचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. बेचाळीस साली श्रावण संपता संपता नंदुरबारच्या रस्त्यावर ज्या पोरांवर गोळ्या चालल्या, त्यांच्या हातात झेंडा होता. त्यांच्या पंगतीत आम्हाला कुणी बसवू नये.

मालक म्हणजे प्रकाशा गावाजवळचे, तापीपलीकडच्या काठचे मोठे गुजर शेतकरी. ऊस, केळी, कापूस, सगळं भरपूर. त्यांच्याकडे कापडी टपाची एक जुनी मोटार होती आणि ती दाजी चालवत. दाजी जातीने आमच्यातलेच, पण रंधा हातात धरला की लाकडावर खड्डे पाडायचे. त्यांच्या वडलांनी शेवटी हात टेकले. मोटारीत मात्र ते बसले की ती ऐकायची. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांच्यासोबत मालकाच्या खळ्यामागच्या दोन खोल्यांत राहायची. आईवडील लवकर गेले, मला वाढवलं तिने. मी नंदुरबारला एकटा राहून सुतारकाम करायचो. माझं लग्न व्हायचं होतं, आणि वर्षातला महिनाभर तरी काही ना काही कामाचं निमित्त काढून मी तिच्या हातचं जेवायला जायचोच.

नंदुरबारातल्या त्या प्रकारानंतर वरून हुकूम आला की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा. मालकाकडे वडलांच्या वेळची दुनळी होती. ती द्यायची म्हणजे नाक कापल्यासारखं वाटलं त्यांना. त्यांनी लिहून दिलं की तापी ओलांडताना नाव कलली आणि बंदूक पुरात गेली. मग त्यांनी मला बोलावून घेतलं. वरकरणी काम होतं मोटारीची कुजलेली फळी बदलायचं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "घरमां ठेवी ते झडतीमां सापडी. जमीनमां गाडी ते गंजी जाई. मोटार रोज फिरस, तिन्हाकडे कोन दखस?"

मला खरं तर तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण मी चोवीस वर्षांचा होतो, आणि डोक्यात तंबूतला तो सिनेमा होता. सिनेमावाल्याचा कप्पा कुणालाही दिसेल असा, माझा कुणालाच दिसायचा नाही, एवढाच विचार मी केला. बंदूक मोडून दोन भाग केले की नळी सव्वादोन फुटांपेक्षा थोडी जास्त भरत होती. मागच्या बैठकीखाली लाकडी पेटाऱ्यासारखी जागा होती. तिच्या तळावर मी दुसरा तळ बसवला, त्याच मोटारीच्या जुन्या सागाचा, म्हणजे रंग वेगळा पडू नये. झाकणाला बिजागरी नाही, कडी नाही. एका कडेची पट्टी बोटभर डावीकडे सरकवली की झाकण उचलायचं. ठोकून पाहिलं तर पोकळ वाजू नये म्हणून आत चिंध्या ठासल्या.

सांधा पक्का बसला की नाही हे पाहायची आम्हा सुतारांची एक रीत आहे. त्यावर गेरूची पूड चोळायची आणि फडक्याने पुसायची. फट असेल तर पूड तिच्यात बसते आणि लाल रेघ उठते. मी चोळली, पुसली, रेघ उठली नाही. मालकाला सांगितलं, शोधा. ते गुडघ्यावर बसून बराच वेळ नखाने चाचपत राहिले आणि शेवटी हसून उठले. दाजींनाही सापडलं नाही. मी फुशारून गेलो होतो.

एकटी आक्का हसली नाही. मी जेवायला बसलो तेव्हा तिने भाकरी ताटात टाकली आणि समोरच बसून राहिली.

"बंदूक मालकनी, मोटार मालकनी," ती म्हणाली. "पन चालाडस कोन? सापडनी ते मालकले कोनी धराव नही."

"आक्का, मन्हं काम कोनले सापडाव नही," मी म्हणालो.

"त्यासले काही व्हयनं ते मी तुलेच इचारसू, भाऊ."

मी भाकरी मोडली आणि दुसरा विषय काढला. तिचं म्हणणं खरं होतं हे तेव्हाही मला कळत होतं.

महिनाभराने नवरात्रात मालकाच्या घराची दारं नीट करायला मी पुन्हा तिकडे गेलो. पाऊस थांबला होता आणि आश्विनाचं ऊन असं तापलं होतं की अंगणातल्या बैलगाड्यांची लाकडी चाकं सुकून वाजू लागली होती. मी दाराच्या फळ्या तासत होतो, ओलं लाकूड आणि वाळलेलं लाकूड यातला फरक कामाच्या माणसांना समजावून सांगत होतो, आणि भादव्याच्या ओलीत बसवलेला माझा तो सांधा मला एकदाही आठवला नाही.

खंडेनवमीला सकाळी सगळ्या हत्यारांची पूजा. आमच्याकडे त्या दिवशी हत्यार हातात धरत नाहीत. करवत, रंधा, वाकस, पटाशी, सगळं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल ठेवतात. मी माझी हत्यारं आक्काच्या ओट्यावर मांडली. मालकाच्या अंगणात नांगर, विळे, कुऱ्हाडी मांडलेल्या. आक्काने मोटारीची पूजा केली, दर वर्षी तीच करायची. पुढच्या जाळीला हार, चारी चाकांना बोटं, चक्राला बोटं. मागच्या दारातून वाकून फूल ठेवताना तिचं ताट जरा कललं आणि चिमूटभर कुंकू बैठकीवर सांडलं. तिने ते पदराने टिपून घेतलं.

ती घरात गेल्यावर मालक माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. वडलांच्या काळापासून दर नवमीला ती दुनळी पाटावर असायची आणि या वर्षी तिची जागा रिकामी होती. अंगणात पंचवीस माणसं, कप्पा उघडायची सोय नव्हती. "पूजा करावाबिगर हत्यार ठेवतस का, मिस्त्री?" ते हळूच म्हणाले. "काही तरी करा."

मलाही ते पटलं. हे मला नीट सांगायला हवं, कारण मालकावर ढकलणं सोपं आहे. माझी सगळी हत्यारं पुजली गेली होती आणि एक हत्यार मी स्वतः अंधारात कोंडलेलं, ते तसंच राहिलं, याची मलाही टोचणी होतीच. मागच्या बाजूला फूल वाहायच्या बहाण्याने मी मोटारीत शिरलो. दाजी ताट धरून दाराशी आडोशाला उभे राहिले. मी बैठक उचलली, झाकणावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. मग कुणाला दिसू नये म्हणून फडक्याने सगळं पुसून काढलं. चांगलं दाबून पुसलं. बैठक पुन्हा बसवली.

जेवण झाल्यावर आम्ही निघालो. दाजी मला नंदुरबारला सोडणार होते आणि येताना पेट्रोल आणणार होते. लढाईमुळे पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. माझी हत्यारपेटी माझ्या पायाशी होती, तिच्यावर सकाळची कुंकवाची बोटं. आक्काने दाजींच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि सूर्य मावळायच्या आत परत या म्हणून बजावलं.

प्रकाशाला तापी ओलांडायला दोन नावा जोडून त्यावर फळ्या टाकलेल्या असत. मोटार त्यावर चढवायची. त्या दिवशी काठावर पोलीस होते. फौजदार देशावरचा होता, शांत बोलायचा. प्रत्येक गाडी रिकामी करून बघत होता. आमच्या मोटारीची त्याने पुढची बैठक काढली, मागची काढली, तळावर बोटांनी ठोकलं. आवाज भरीव आला. मी मनात म्हटलं, चिंध्यांनी काम केलं. तो मागे सरला. त्याने बैठक पुन्हा ठेवायची खूण केली.

हवालदार आमच्याच भागातला होता. बैठक उचलून तो वाकला आणि तसाच थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "आठे कुकू शे."

मी पाहिलं. वाळलेल्या सागाने महिन्याभरात केसभर अंग चोरलं होतं. मी पुसलेलं कुंकू त्या फटीत बसलं होतं. चारी बाजूंनी, सुताने आखावी अशी बारीक लाल रेघ. माझा सांधा मीच उघडा करून दाखवला होता. सुताराच्या मुलाला पहिल्या वर्षी शिकवतात ती गोष्ट, आणि मी ती हात जोडून केली होती.

"मोटारीची पूजा पुढे करतात, चाकांना करतात," फौजदार म्हणाला. "बैठकीखाली कोण करतं?"

हवालदाराने आधी त्या झाकणाला हात लावून कपाळाला लावला. सवयच ती, पुजलेल्या वस्तूला ओलांडून कसं जायचं. मग चाकूचं टोक रेघेत घातलं.

नळी बाहेर निघाली तेव्हा दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते फौजदारासमोर जाऊन उभे राहिले. "बंदूक मी लपाडेल शे, साहेब. मालकले ठाऊक नही."

"हे कोण?" फौजदाराने माझ्याकडे बोट केलं.

"रस्तामां भेटनात. नंदुरबारले जाई ऱ्हायनात म्हनीसन मी बसाडी लिधं."

फौजदार माझ्या पेटीकडे बघत होता. पेटीवरचं कुंकू आणि झाकणावरचं कुंकू एकाच ताटातलं होतं, पण त्या दिवशी साऱ्या मुलखातल्या सुतारांच्या पेट्यांवर कुंकू होतं. "हे काम सुताराचं आहे," तो म्हणाला.

"मी बी सुतारनाच पोऱ्या शे, साहेब. मन्हाच हातनं शे."

फौजदाराने झाकण उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हात चांगला आहे तुझा." आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांनीही सांगताना लाज वाटते, त्या क्षणी मला आधी भीती वाटली नाही की दुःख झालं नाही. माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, याचं वाईट वाटलं. ज्याला सरळ खाच मारता येत नव्हती त्या माणसाने तुरुंगात जाण्यासाठी माझी कारागिरी स्वतःच्या नावावर करून घेतली, आणि मला ती त्याला द्यावीशी वाटली नाही. हे क्षणभरच. मग भीती आली आणि मी पेटी उचलायला वाकलो.

मी वाटेत भेटलेला माणूस होतो, म्हणून मला पुढे जाणं भाग होतं. पेटी डोक्यावर घेऊन मी नावेत चढलो. पलीकडच्या काठावर उतरून मागे पाहिलं तेव्हा दाजी वाळूत उकिडवे बसले होते आणि हवालदार त्यांना बाटलीतलं पाणी पाजत होता. आक्काने दिलेलीच ती बाटली.

दसऱ्याचा दिवस मी नंदुरबारला घरात बसून काढला. तिसऱ्या दिवशी आक्काकडे गेलो. ती खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

"तू कोठे व्हता?" तिने विचारलं.

"तठेच."

मी सगळं सांगितलं. फौजदार, झाकण, दाजींनी घेतलेला आळ, माझं गप्प राहणं, सगळं. ती रडली आणि मग म्हणाली, बरं केलंस गप्प राहिलास, तूही गेला असतास तर मी कोणाच्या तोंडाकडे बघितलं असतं. मी तिच्याकडे तयारी करून गेलो होतो की ती मला जाब विचारेल, शिव्या देईल. तिने मला इतक्या सहज मोकळं केलं की झाकणावरचं कुंकू मी लावलं, हे पुढचं वाक्य सांगायचं राहूनच गेलं. आणि तेवढ्यात तीच म्हणाली, "मन्हाच कुकूनी घात करा, भाऊ. मन्हं ताट कलनं व्हतं."

हवालदाराने ती हकिगत प्रकाशाच्या बाजारात सांगितली होती. गावात बाया बोलू लागल्या होत्या की बायकोच्या पूजेने नवरा धरून दिला. आक्काला बैठकीवर सांडलेली ती चिमूट आठवली, ती झिरपून खाली गेली असं तिने धरून घेतलं. मी म्हणायला हवं होतं, नाही आक्का, ते तुझं नव्हे. मी म्हणालो, "जाऊ दे, आते काय उपयोग."

मालकाने दाजींना ओळख दिली नाही. चालकाने आपल्याला फसवलं आणि बंदूक बुडाली म्हणून सांगितलं, असं त्यांनी जबाबात लिहून दिलं. दाजींना धुळ्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. आक्काला मी माझ्याकडे नंदुरबारला आणलं.

ती दोन वर्षं आम्ही दोघं एका घरात राहिलो. ती पहाटे उठायची, माझं पाणी तापवायची, भाकरी करायची, मी जेवेपर्यंत समोर बसायची. स्वतःच्या कपाळावरचं कुंकू तिने सोडलं नाही, नवरा होता तिचा. पण दुसऱ्या कशाला कुंकू लावायला तिचा हात कधी पुढे झाला नाही. शेजारी कुणाची ओटी भरायची असली तर ती आत निघून जायची. नागपंचमीला नाही, पोळ्याला बैलाला नाही. पहिल्या खंडेनवमीला मी हत्यारं पाटावर मांडली, ती दारातून बघून परत गेली. मलाही मग धीर झाला नाही. हत्यारं तशीच उचलून पेटीत टाकली.

सांगेन सांगेन म्हणत राहिलो. कधी ती थकलेली असायची, कधी धुळ्याहून भेटून आलेली असायची आणि बरी असायची, मग तिचा तो दिवस बिघडवावासा वाटायचा नाही. निमित्तं मला कमी पडली नाहीत. खरं एवढंच होतं की तिने कालवण पुढे सरकवलं की तिचं ते मायेचं वाढणं मला सुटायला नको होतं.

दाजी भादव्यात सुटून आले. वाळले होते, खोकत होते, पण डोळे तेच. मोटारीकडे ते पुन्हा वळले नाहीत. माझ्या कामाच्या जागी येऊन बसायचे, फळीचं एक टोक धरायचे. एकदा मी विचारलंच, माझं नाव का घेतलं नाही. ते म्हणाले, "दोन्हीजन मझार गयात ते तिन्हाकडे कोन दखी?" दोघंही आत गेलो असतो तर आक्काकडे बघायला कोणी उरलं नसतं, त्यांच्या लेखी तेवढ्यात विषय संपला. तिच्याकडे बघणारा मी तिच्यापासून काय लपवत होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग खंडेनवमी आली. दाजींनी स्वतः उत्साहाने माझी हत्यारं धुतली, पाटावर ओळीने मांडली. झेंडूची फुलं आणली. ताट तयार केलं आणि आक्कापुढे धरलं. ती दोन पावलं मागे सरली.

"मन्हा हात नको," ती म्हणाली. "मन्हा कुकूनी एकदाव काय करं ते दखं ना तुम्ही."

दाजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. ताट हातात तसंच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी नवमीच्या सकाळी असंच ताट धरून ते मोटारीपाशी उभे होते. आता ते माझ्या बोलण्याची वाट पाहत होते.

"आक्का," मी म्हणालो, "बैठकखालनं कुकू तुन्हं नही. ते मी लावं. मीच लावं आनी मीच पुसं."

मला वाटलं आता ती मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दोन वरीस," ती म्हणाली, "तू मन्हा हातनं जेवना, भाऊ."

तिने दाजींच्या हातून ताट घेतलं आणि पाटाजवळ बसली. करवतीला लावलं, वाकसाला लावलं, रंध्याला लावलं, पटाशा एकेक उचलून लावल्या. प्रत्येक हत्याराला लावलं की जास्तीचं कुंकू ती पदराच्या टोकाने हलकेच टिपून घेत होती, दांडा आणि पातं जिथे जुळतं तिथे जाऊ नये म्हणून. शेवटी तिने दाजींच्या कपाळाला बोट लावलं. मग माझ्याकडे न वळता ताट खाली ठेवून ती आत स्वयंपाकाला गेली, आणि मी पाटाशेजारी तसाच बसून राहिलो.